एकत्र निवडणुका आणि मद्रासचा अनुभव

लोकसभेची आणि राज्यांच्या विधानसभांची निवडणूक एकाच वेळी घ्यावी की निरनिराळ्या वेळी, हा प्रश्न गेली काही वर्षे आपल्या देशात पुन्हा जोराने चर्चिला जात आहे. पुन्हा म्हणावयाचे कारण असे की, स्वतंत्र भारताच्या पहिल्या चार सार्वत्रिक निवडणुकांत हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. १९५२, १९५७, १९६२ आणि १९६७ या वर्षी देशाच्या बहुतेक भागांतील मतदार एकदाच मतदानकेंद्रावर गेला आणि दिल्लीसाठी एक व आपल्या राज्यासाठी एक अशी दोन मते देऊन घरी परतला. केरळासारखे एखादे राज्य मधेच या पंगतीतून उठले होते, पण पंगत मोडली नव्हती. ती मोडली १९६७ नंतर, आणि आता ती पुन्हा मांडावी असा सरकारचा विचार आहे.

या विषयावर जे बोलले जाते ते बहुधा दिल्लीत उभे राहून बोलले जाते. आज मी श्रोत्यांना मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, उभे राहून या प्रश्नाकडे पाहावयास सांगणार आहे. त्याला कारण आहे. तमिळनाडूने १९५२ पासून १९९६ पर्यंत आठ वेळा दोन्ही निवडणुका एकत्र दिल्या आहेत, आणि मधूनमधून व नंतर सातत्याने त्या वेगवेगळ्याही दिल्या आहेत. एकाच मतदाराने दोन्ही रीतींनी मत दिल्याचा इतका विपुल पुरावा फार थोड्या राज्यांत सापडेल. तर्काने जे सांगता येते ते येथे अनुभवाशी ताडून पाहता येते.

प्रथम घटनेकडे वळू. लोकसभेची मुदत ८३ व्या अनुच्छेदात आणि विधानसभेची १७२ व्या अनुच्छेदात सांगितलेली आहे. दोन्हीकडे पाच वर्षे. आणि दोन्हीकडे ‘तत्पूर्वी विसर्जित झाली नाही तर’ अशी पुस्ती जोडलेली आहे. दोन्ही सभागृहे एकाच वेळी निवडावीत असे घटना कोठेही म्हणत नाही. पहिल्या निवडणुका एकत्र झाल्या त्या केवळ दोन घड्याळांना एकाच क्षणी चावी दिली गेली म्हणून. पुढे एक घड्याळ मधेच बंद पडले आणि पुन्हा चावी द्यावी लागली, तेव्हा दोघांचे ठोके निराळे पडू लागले. यात कोणाचा कट नव्हता. त्या पुस्तीचाच तो परिणाम होता.

आणि ती पुस्ती अनवधानाने आलेली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढे ठेवताना डॉ. आंबेडकरांनी या मुद्द्याचा उलगडा केला होता. कार्यकारी मंडळ स्थिर असावे आणि जबाबदारही असावे; पण दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात साधणारी पद्धती अद्याप कोणाला सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेची पद्धती स्थैर्य अधिक देते. इंग्लंडच्या पद्धतीत मंत्रिमंडळाच्या कारभाराची तपासणी सभागृह रोजच्या रोज करते आणि मतदार ठरावीक काळाने करतो. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. विश्वास गमावलेले मंत्रिमंडळ कोणत्याही दिवशी जाऊ शकते, हीच ती जबाबदारी. आणि ते कोणत्याही दिवशी जाऊ शकते म्हणूनच निवडणुकीची तारीख कायमची बांधून ठेवता येत नाही.

आता मद्रास. १९५२ ची पहिलीच निवडणूक एकत्र झाली, आणि तिने स्थैर्य दिले असे म्हणता येणार नाही. ३७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला १५२ जागा मिळाल्या. टी. प्रकाशम यांच्या नेतृत्वाखाली विरोधकांनी आघाडी उभी केली. अखेर राज्यपाल श्रीप्रकाश यांनी राजगोपालाचारी यांची विधान परिषदेवर नियुक्ती केली आणि निवडणूक न लढविलेला हा वयोवृद्ध पुरुष मुख्यमंत्री झाला. पुढची दोन पर्वे कामराजांची. त्यांत मतदान एकत्र झाले काय किंवा वेगळे झाले काय, निकाल बहुधा तोच लागला असता. म्हणून तेथे थांबण्याचे कारण नाही.

१९६७ ची निवडणूक मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. एकत्र निवडणुकांविरुद्ध नेहमी असा आक्षेप घेतला जातो की, त्यांत देशाचे मोठे प्रश्न राज्याच्या लहान प्रश्नांना गिळून टाकतात आणि राष्ट्रीय पक्षांचे फावते. १९६७ साली मद्रासमध्ये नेमके याच्या उलट घडले. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनाची धग अजून विझली नव्हती, धान्याची टंचाई होती, आणि रुपयाला अमुक माप तांदूळ देण्याचे द्रविड मुन्नेत्र कळघमचे आश्वासन घरोघर पोहोचले होते. पक्षाचे लोकप्रिय नट एम. जी. रामचंद्रन यांच्यावर त्याच जानेवारीत गोळी झाडली गेली आणि गळ्याला पट्टी बांधलेले त्यांचे छायाचित्र भिंतीभिंतींवर झळकले. हे सारे राज्याचे विषय. पण त्यांनी दिल्लीच्या निवडणुकीलाही आपल्याबरोबर ओढून नेले. द्रमुकने लोकसभेच्या ज्या पंचवीस जागा लढविल्या त्या सर्व जिंकल्या. विरुदुनगरमध्ये खुद्द कामराज एका तरुण विद्यार्थी पुढाऱ्याकडून तेराशेच्या आतबाहेर मतांनी पराभूत झाले. मोठा मासा लहान माशाला गिळतो हे खरे. पण मोठा कोणता हे मतदार ठरवितो, नकाशा नव्हे.

त्या निवडणुकीतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. अण्णादुराई त्या वेळी विधानसभेला उभेच नव्हते. दक्षिण मद्रासमधून ते लोकसभेवर निवडून आले, आणि ६ मार्च १९६७ रोजी मुख्यमंत्री झाले. मग त्यांच्यासाठी विधान परिषदेत जागा करावी लागली आणि दक्षिण मद्रासच्या मतदारांना त्याच वर्षी पुन्हा मतदानाला जावे लागले. एकदाच मत दिले म्हणजे काम संपले, हा हिशेब पहिल्याच वर्षी चुकला!

पुढे १९७० च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित केली. बहुतेक राज्यांची विधानसभा १९७२ पर्यंत चालावयाची होती. महाराष्ट्राची तशी चाललीही, आणि तेथूनच तिची वाट लोकसभेपासून वेगळी झाली. मद्रासमध्ये करुणानिधी मुख्यमंत्री होते. त्यांनी आपली विधानसभा वर्षभर आधी बरखास्त करवून घेतली आणि १९७१ च्या मार्चमध्ये दोन्ही निवडणुका बरोबर घेतल्या. त्यामागे विचार होता. द्रमुक आणि इंदिरा गांधींची काँग्रेस यांचा समझोता असा झाला की, लोकसभेच्या काही जागा काँग्रेसने लढवाव्या आणि विधानसभेची एकही लढवू नये. २३४ मतदारसंघांत देशाच्या सत्ताधारी पक्षाचा एकही उमेदवार नाही, अशी ती निवडणूक झाली. द्रमुकला विधानसभेत १८४ जागा मिळाल्या आणि लोकसभेच्या जवळजवळ सर्व जागा या दोघांच्या आघाडीने घेतल्या. नागरकोईलमधून निवडून आलेले कामराज तेवढे अपवाद.

श्रोत्यांनी या व्यवहाराकडे थोडे निरखून पाहावे, कारण एकत्र निवडणुकांच्या चर्चेत याचा उच्चार फारसा होत नाही. दोन निवडणुका एकाच दिवशी असल्या की, दिल्लीची जागा आणि राज्याची जागा या एकाच तराजूत घालता येतात. तू मला तिकडे दे, मी तुला इकडे देतो. १९८४ मध्ये या देवघेवीला सूत्राचे रूप आले : लोकसभेच्या सुमारे दोन-तृतीयांश जागा काँग्रेसला आणि विधानसभेच्या दोन-तृतीयांश अण्णाद्रमुकला. लोक त्याला एम. जी. आर. सूत्र म्हणू लागले. यात बेकायदेशीर असे काहीच नाही. परंतु मतदार केंद्रात पाऊल टाकतो त्यापूर्वीच दिल्ली कोणाची आणि चेन्नई कोणाची याची वाटणी झालेली असते, आणि त्याच्या हाती असलेल्या दोन मतपत्रिका दिसावयास दोन असल्या तरी प्रश्न एकच उरतो.

वेगळ्या निवडणुकांत काय होते, ते १९८० ने दाखविले. हे वर्ष महाराष्ट्रातील श्रोत्यांनाही आठवत असेल. जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली. तमिळनाडूत या वेळी द्रमुक आणि इंदिरा काँग्रेस एकत्र होते, एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री असूनही त्यांच्या पक्षाला ३९ पैकी अवघ्या २ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात इंदिरा काँग्रेसने ४८ पैकी ३९ जिंकल्या. तेव्हा या राज्यांतील सरकारांवर जनतेचा विश्वास उरलेला नाही, अशा युक्तिवादाने १७ फेब्रुवारी १९८० रोजी नऊ राज्यांच्या विधानसभा एकाच हुकमाने बरखास्त झाल्या. त्यांत मुंबईचे शरद पवार यांचे मंत्रिमंडळ गेले आणि मद्रासचे रामचंद्रन यांचेही. मे महिन्यात निवडणुका झाल्या. महाराष्ट्राने जानेवारीतलेच उत्तर पुन्हा दिले : इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा. नऊपैकी आठ राज्यांत असेच झाले. नवव्याने, म्हणजे तमिळनाडूने, दुसरे उत्तर दिले. चार महिन्यांपूर्वी ज्यांना दोन जागा दिल्या होत्या त्यांनाच आता विधानसभेत १२९ जागा देऊन स्पष्ट बहुमत दिले. ९ जून १९८० या एकाच दिवशी मुंबईत अंतुले आणि मद्रासमध्ये रामचंद्रन यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

तमिळ मतदार चार महिन्यांत बदलला होता काय? मला तसे वाटत नाही. त्याला विचारलेला प्रश्न बदलला होता. जानेवारीत त्याला विचारले गेले की दिल्लीत कोण असावे. मेमध्ये विचारले गेले की राज्याचा गाडा कोणी हाकावा. पहिल्या उत्तरावरून दुसरे उत्तर गृहीत धरणाऱ्यांना त्याने आपण गृहीत धरले गेलो नाही हे दाखवून दिले. महाराष्ट्रातील श्रोत्यांना २०२४ साल यासंबंधात आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला देणाऱ्या राज्याने नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना दिल्या.

१९८९ चे उदाहरण याहूनही बोलके आहे. रामचंद्रन यांचे १९८७ च्या डिसेंबरात निधन झाले, पक्ष फुटला, महिन्याभरात विधानसभा गेली, आणि वर्षभराच्या राष्ट्रपती राजवटीनंतर १९८९ च्या जानेवारीत निवडणूक होऊन करुणानिधी तेरा वर्षांनी पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक आली, आणि राज्यात बहुमताने सत्तेवर बसलेल्या द्रमुकला एकही जागा मिळाली नाही! काँग्रेस आणि अण्णाद्रमुक यांनी ३९ पैकी ३८ पटकावल्या. राज्यातले सरकार मात्र कायदेशीरपणे आपल्या जागी राहिले, कारण त्याचा कौल निराळा होता.

जेव्हा दोन्ही निवडणुका पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा त्या कोणाच्या योजनेने आल्या नाहीत, आपत्तीच्या पावलांनी आल्या. १९८४ मध्ये रामचंद्रन ब्रुकलिनच्या रुग्णालयात होते, तेथूनच त्यांनी आंडिपट्टीचा उमेदवारी अर्ज भरला. इंदिरा गांधींची हत्या ताजी होती. १९९१ मध्ये करुणानिधींचे सरकार राज्यपालांचा अहवाल नसताना बडतर्फ झाले होते, आणि प्रचार चालू असताना २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींचा बळी गेला. त्या निवडणुकीत लोकसभेच्या ३९ ही जागा एका बाजूला गेल्या आणि विधानसभेत द्रमुकला दोन जागा उरल्या. १९९६ मध्ये लाट उलटली. पुन्हा ३९ च्या ३९ दुसऱ्या बाजूला, मुख्यमंत्री जयललिता स्वतः बरगूरमध्ये पराभूत. लाट कोणाचीही असो, ती दोन्ही सभागृहांत एकदमच शिरते आणि विरोधी पक्ष म्हणून मागे फारसे काही ठेवत नाही, असा या तीन निवडणुकांचा अनुभव आहे.

१९९६ चा उल्लेख आला म्हणून एक सांगतो. मोडक्कुरिची मतदारसंघात शेतकऱ्यांनी आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी इतके अर्ज भरले की, १,०३३ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेची चक्क पुस्तिका छापावी लागली आणि मतदान महिनाभर पुढे ढकलावे लागले. ज्या शिक्षकांनी त्या केंद्रांवर काम केले असेल त्यांची कल्पनाच केलेली बरी.

येथे दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. मतदानकेंद्रावर बसतो तो शाळामास्तर, तलाठी, कारकून. वर्षात दोनदा तो कामावरून उचलला जातो. आचारसंहिता लागली की नवी कामे जाहीर होत नाहीत. पोलीस या राज्यातून त्या राज्यात हलवावे लागतात. पक्षांचा खर्च वाढतो, आणि तो कोठून येतो हे सर्वांना ठाऊक आहे. निवडणूक आयोगाने १९८३ मध्ये, विधी आयोगाने १९९९ मध्ये आणि संसदेच्या एका स्थायी समितीने २०१५ मध्ये याच कारणांसाठी एकत्र निवडणुकांची शिफारस केली. त्या समितीचे अध्यक्ष सुदर्शन नाच्चियप्पन हे तमिळनाडूचेच खासदार होते. मतदार गोंधळतो हा आक्षेपही मी फार ताणणार नाही. उगवता सूर्य आणि दोन पाने यांतला फरक तमिळ मतदाराला झोपेतही कळतो. २०१९ मध्ये लोकसभेबरोबर राज्यात २२ पोटनिवडणुका झाल्या. त्यांपैकी १८ चे मतदान तर त्याच दिवशी होते. लोकसभेत ३९ पैकी ३८ जागा द्रमुक आघाडीला गेल्या, पण पोटनिवडणुकांत अण्णाद्रमुकने ९ जागा राखल्या आणि तेवढ्यावर चेन्नईतले त्याचे सरकार तगले. तेव्हा एकाच दिवशी दोन निराळी उत्तरे देणे अशक्य नाही. मात्र त्यासाठी राज्याचा प्रश्न तितकाच ठळकपणे मतदारासमोर असावा लागतो, आणि त्या वेळी सरकार राहते की जाते हे त्या पोटनिवडणुकांवरच अवलंबून होते.

माझी खरी शंका पुढेच आहे. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला, आणि त्यावर आधारलेले घटनेच्या १२९ व्या दुरुस्तीचे विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले जाऊन संयुक्त समितीकडे गेले. निवडणुका एकदा एकत्र आणणे कठीण नाही. त्या एकत्र ठेवणे कठीण आहे. त्यासाठी विधेयकाने योजिलेला उपाय असा : सभागृह मधेच विसर्जित झाले तर पुन्हा निवडणूक घ्यावी, पण नवे सभागृह पाच वर्षांचे नसावे, उरलेल्या मुदतीपुरतेच असावे. हा नियम आपण १९८९ च्या तमिळनाडूला लावून पाहू. लोकसभा १९८४ च्या अखेरीस निवडलेली. म्हणून जानेवारी १९८९ मध्ये निवडलेली विधानसभा जेमतेम वर्षभराची ठरली असती. नोव्हेंबरात लोकसभेबरोबर तिचीही निवडणूक झाली असती, आणि त्या लाटेत करुणानिधींचे सरकार दहा महिन्यांतच वाहून गेले असते. निवडणुका कमी व्हाव्यात म्हणून केलेल्या नियमाने एक निवडणूक वाढविली असती. तसेच १९९९ चे. १७ एप्रिलला जयललितांनी पाठिंबा काढून घेतल्यावर वाजपेयींचे सरकार एका मताने पडले. नव्या नियमाने पुढची लोकसभा २००३ च्या आरंभीच संपली असती. प्रारंभीच्या जुळणीचाही हिशेब आहे. नियमाची तारीख २०२९ च्या लोकसभेबरोबर ठरली, तर २०३१ मध्ये निवडावयाची तमिळनाडूची विधानसभा २०३४ मध्ये, म्हणजे तीन वर्षांत संपेल. तेथील विधानसभेने १४ फेब्रुवारी २०२४ रोजी या कल्पनेविरुद्ध ठराव केला, त्यामागचे एक कारण हे आहे.

उरलेल्या मुदतीची ही युक्ती स्वीडनमध्ये आहे. तेथे संसद, प्रांत आणि नगरे यांची निवडणूक एकाच दिवशी होते, आणि संसदेची मध्यावधी निवडणूक झालीच तरी नियोजित निवडणूक टळत नाही. परंतु स्वीडन हे संघराज्य नव्हे, आणि तेथे राजधानीतून हुकूम सुटून प्रांताचे सभागृह बरखास्त होत नाही. आपल्याकडे चक्र मोडण्याचे मोठे कारण हेच होते. १९७६, १९८०, १९८८, १९९१. तमिळनाडूत अनुच्छेद ३५६ चार वेळा वापरला गेला. १९९४ च्या बोम्मई खटल्याच्या निर्णयाने त्याला लगाम बसला, आणि त्यानंतर तमिळनाडूची प्रत्येक विधानसभा आपली पाच वर्षे जवळजवळ पुरी करीत आली आहे.

एकत्र निवडणुकीचा याहून जुना दाखला हवा असेल तर तो चेन्नईपासून फार दूर नाही. कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूर येथे वैकुंठ पेरुमाळाच्या देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, इ. स. ९१९ आणि ९२१ चे लेख कोरलेले आहेत. ते गाव ब्राह्मणांच्या सभेचे. उमेदवारीला जमीन, वय आणि विद्या यांच्या अटी. पण रीत पाहण्यासारखी आहे. तीस पेठांतून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकावयाची आणि लहान मुलाकडून प्रत्येक पेठेचे एक नाव काढवावयाचे. निघालेल्या तिसांपैकी बारा वार्षिक समितीवर, बारा बागांच्या समितीवर आणि सहा तळ्याच्या समितीवर. म्हणजे तीन समित्यांची निवड एकाच बैठकीत! मुदत सर्वांची सारखीच, ३६० दिवस. ज्याने पूर्वी समितीवर असून हिशेब दिला नाही तो पुन्हा उभा राहू शकत नसे. हे वेळापत्रक चुकण्याचे कारण नव्हते, कारण तळ्याच्या समितीने बागेच्या समितीवर अविश्वासाचा ठराव आणण्याची सोयच नव्हती.

कोविंद समितीने नगरपालिका आणि पंचायती यांच्याही निवडणुका लोकसभेपाठोपाठ शंभर दिवसांत घ्याव्यात असे सुचविले होते. १२९ व्या दुरुस्तीत ते कलम नाही. मद्रासची महापालिका १६८८ सालची, देशातील सर्वांत जुनी. १९७३ मध्ये तिची निवडून आलेली सभा बरखास्त झाली. त्यानंतर तेवीस वर्षे, म्हणजे लोकसभेच्या सहा आणि विधानसभेच्या सहा निवडणुका होईपर्यंत, शहरात नगरसेवकांची निवडणूक झाली नाही. ती १९९६ च्या ऑक्टोबरात झाली. पुढे २०१६ मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. त्याच २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, आणि तेथेही प्रशासक येऊन बसला.